सुचवलेलं उत्तर

बाबा मागच्या खोलीत मशीनवर चष्म्याची काच घासत होते आणि काका काउंटर पुसता पुसता त्यांच्याशी भांडत होते. दुकान उघडलं की रोजचंच.

"दादा, डोळ्यासारखी वस्तू आपोआप होते? अरे, तुझं हे मशीनसुद्धा कुणीतरी बनवलंय."

"महाराज, डोळ्यात वायरिंग पडद्याच्या पुढून नेलंय. मग ते बाहेर काढायला पडद्यालाच भोक पाडलंय. असा कारागीर मी दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता."

"भेटलास की सांग त्याला."

"सांगतो ना. तुझी ओळख सांगतो, म्हणजे आत तरी घेतील."

दोघंही हसले. तेवढ्यात एक आजी आल्या. नंबर मी काढते, पण मी फोनवर होते म्हणून काकांनीच त्यांना खुर्चीत बसवलं, काच लावली आणि गोड आवाजात विचारलं, "आता स्वच्छ दिसतंय ना, आजी?"

"उत्तर सुचवू नकोस रे!" बाबा आतून ओरडले. "पहिली बरी की दुसरी, एवढंच विचार. तुझं मन राखायला हो म्हणतील त्या, आणि मग जिन्यावरून पडतील."

दुसऱ्या दिवशी बाबा मशीनशेजारीच कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. हॉस्पिटलात नेलं तेव्हा वाचा गेली होती. डोळे पुन्हा उघडलेच नाहीत.

डॉक्टरांशी बोलून मी खोलीत परतले तर काका रडत होते, आणि रडता रडता हसत होते. "पोरी, मी विचारलं, दादा, देव आहे ना रे? आणि त्यानं माझा हात दाबला. घट्ट! पटलं गं त्याला शेवटी."

काका चहाला गेल्यावर मी बाबांच्या तळहातावर बोटं ठेवली. "बाबा, देव नाही ना?" मूठ घट्ट मिटली. "बाबा, मी तुमचा मुलगा ना?" पुन्हा मिटली. मग काहीच न विचारता नुसती बोटं ठेवली. तरीही मिटली.

"होतं असं," सलाईन बदलणारी नर्स म्हणाली. "तान्ह्या बाळासारखं. हातात काहीही द्या, धरतात."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा गेले.

दुकान पुन्हा उघडल्यापासून काका येणाऱ्या प्रत्येकाला ती गोष्ट सांगू लागले. आधी नुसता हात होता. मग डोळ्यातून पाणी आलं. मग ओठांवर हसू आलं. जन्मभर एकही गोष्ट पुराव्याशिवाय न मानलेला माणूस माझ्यासमोर, त्याच्याच दुकानात, हप्त्याहप्त्यानं आस्तिक होत होता. मी टोकलं नाही. काकांना एकट्यात गाठण्यात मला रस नव्हता. त्यांनी बाबांना चारचौघांत बाटवलं होतं, तर परतफेडही चारचौघांतच व्हायला हवी होती. तोवर त्यांनी मागे फिरू नये म्हणून मीच मदत केली. "काका, ते हसल्याचं राहिलं," मी म्हणायचे. ते लगेच सांगायचे.

चष्मेवाल्यांच्या संघटनेनं शोकसभा ठेवली. काकांनी माइकवर हात, पाणी, हसू सगळं सांगितलं. लोकांनी डोळे टिपले. मग मी उठले आणि माझे तीन प्रयोग सांगितले, आवाज न चढवता. शेवटी म्हणाले, "काका, आजींना विचारलंत तसंच बाबांनाही विचारलंत. उत्तर सुचवून."

हॉलमधला प्रत्येक माणूस याच धंद्यातला. त्यांना आणखी समजवावं लागलं नाही. मागून कुणीतरी फस्सकन हसलं आणि गप्प झालं. काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. या चेहऱ्यासाठी मी थांबले होते. मला तो अगदी मनासारखा मिळाला.

काका खाली उतरून माझ्यापाशी आले. भांडायला नाही.

"बरं. मिटला असेल हात आपोआप," ते हळूच म्हणाले. "तू शिकलेली, वाचणारी. मग एवढं सांग, दादा आत्ता कुठे आहे? काहीही सांग. मी सगळं मागे घेतो."

देण्यासारखी उत्तरं होती. बाबांनी घासलेल्या काचांतून अर्धं गाव बघतंय, आपल्या बोलण्यात ते आहेत, त्यांच्यातला कण न् कण या जगातच आहे. असलं खूप वाचलंय मी, आणि शोकात असलेल्या मैत्रिणींना ऐकवलंयही. काकांना त्यातलं एक जरी दिलं असतं तरी ते शांत घरी गेले असते. मला त्यांना शांत घरी जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून मी ते वाक्य निवडलं, जे बाबा गेल्यापासून मी स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं.

"कुठेही नाहीत," मी म्हणाले. काका बघतच राहिले, म्हणून मी पुन्हा, मोठ्यानं म्हणाले, "काका, माझे बाबा कुठेही नाहीत."