परतीची बोट

आई गेली हे मिमोझाला सकाळी कळलं, आणि चहा झाल्यावर ती वडिलांबरोबर बोटीची तिकिटं काढायला बसली.

असं कुणी करतं का, असं ज्याला वाटेल त्याने आमच्या गावात मरण कसं सांगतात ते पाहिलेलं नाही. फोनवरून तर नाहीच, आणि लेकीने तर नाहीच नाही. घरातलं वडीलधारं माणूस येतं, समोर बसतं, पाऊसपाण्याचं बोलतं, मग आजारपणाचं बोलतं आणि हळूहळू मूळ गोष्टीशी येतं. तोवर ज्यांना माहीत आहे त्यांनी तोंड शिवून बसायचं. आई ऑपरेशनसाठी इटलीत भावाकडे गेली होती; तिथून त्याने, आल्तिनने, फोनवर रडत रडत हेच बजावलं होतं.

"मोठ्या काकांना कळवलंय. ते येऊन सांगतील. तोवर बाबांना काही कळू देऊ नकोस. त्यांचं हृदय कसं आहे ते माहितीये ना तुला?"

मिमोझाने थंड पाण्याने तोंड धुतलं. आईसाठी रडायलासुद्धा तिला काकांची वाट पाहायची होती.

खिडकीबाहेर अंगणात बाबा टेप घेऊन जुन्या मर्सिडीजभोवती फिरत होते. गाडी अशी घासूनपुसून ठेवली होती की जणू तिचंच लग्न आहे. ड्रायव्हरशेजारची सीट काढून तिथपासून मागपर्यंत त्यांनी गादी अंथरली होती. ऑपरेशन झालेल्या बाईला बसून प्रवास झेपणार नाही, हा त्यांचा हिशोब.

"मोझे, लांबी लिहिलीस? मागचा हूक धरून लिही हं. दुर्रसच्या बंदरावर ते लोक टेप लावतात आणि मग जास्तीचे पैसे काढतात."

"लिहिली, बाबा."

"उंची? टपावरच्या कॅनसकट?"

"कॅनसकट."

कॅनमध्ये नवं तेल होतं, यंदाच्या ऑलिव्हचं, घाण्यावरून कालच आणलेलं. ते डॉक्टरसाठी होतं. खरं तर बाबा तीन आठवड्यांपूर्वीच निघणार होते. पण ज्याने बायकोचं पोट उघडून तिला वाचवलं त्याच्यापुढे रिकाम्या हाताने उभं कसं राहायचं? आणि गेल्या वर्षीचं तेल नेणं म्हणजे न नेण्यापेक्षा वाईट. यंदा पाऊस लांबला, ऑलिव्ह उशिरा पिकले, घाण्यावर गर्दी झाली. बाबा थांबले. आईने दोनदा फोन केला होता. "कधी येताय? आल्तिनच्या गाडीतून नाही यायचं मला. सारखा एसी लावतो, माझे गुडघे धरतात. आपल्या गाडीतून न्या." आणि बाबांनी शब्द दिला होता, आपल्याच गाडीतून. आमच्याकडे दिलेला शब्द मोडत नाहीत. फक्त कधी कधी त्याला उशीर होतो.

"येताना माणसं दोन," बाबा म्हणाले. "तुझ्या आईचं नाव नीट घाल. पासपोर्टवर आहे तसं. आणि केबिनमध्ये खालचा बर्थ बघ, वर चढता येणार नाही तिला."

मिमोझाने मोबाईलवर आईचं नाव लिहायला घेतलं. दोन अक्षरं. लुले. तेवढी लिहिताना तिला असं भडभडून आलं की तिने तोंडावर हात धरून शिंकल्याचं सोंग केलं.

"सर्दी झाली का?" बाबांनी काळजीने पाहिलं. "बघ हं. आई आली की दोन दिवस लांब राहा तिच्यापासून. अंगात काही उरलं नसेल बिचारीच्या."

"हो," मिमोझा म्हणाली. तिला स्वतःचाच राग आला. काकांचा आला, आल्तिनचा आला, आणि हे असलं सांगणं ज्याने कुणी ठरवलं त्याचाही आला.

"लिफ्ट आहे का बघ बोटीवर. गाडी खाली लावली की माणसांना वर जावंच लागतं म्हणे. गाडीत बसू देत नाहीत."

"आहे, बाबा."

"छान. मग आता शेवटचं. ये बाहेर."

शेवटचं म्हणजे गाडी मागे घेण्याचा सराव. बोटीत गाडी उलटी घालायला लावतात, शिट्ट्या मारून घाई करतात आणि चांगल्या चांगल्यांची भंबेरी उडते, असं त्यांना कॉफीच्या टपरीवर कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून अंगणात दोन पिंपं ठेवून बाबा रोज त्यांच्यामधून गाडी मागे घेत होते. मिमोझा खलाशी व्हायची.

"थोडं डावीकडे," ती म्हणाली. आवाज स्थिर ठेवायला तिला सगळं बळ लागत होतं. "अजून. या, या."

"शिट्टी मार की! आईला घेऊन येताना पिंप पाडलं तर ती इटलीपर्यंत परत चालत जाईल."

तेवढ्यात फाटक वाजलं. नाझ्मीकाका आत आले. काळा कोट, हातात टोपी.

आल्तिनचं गणित रीतीप्रमाणे बरोबर होतं. घरात सगळ्यांत मोठे तेच. पण परदेशात राहून तो एक गोष्ट विसरला होता. ऑलिव्हच्या बांधावरून भांडण झाल्यापासून नाझ्मीकाकांनी या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. आल्तिनच्या लग्नालाही आले नव्हते.

बाबांनी त्यांना गाडीच्या आरशात पाहिलं. गाडी तशीच मागे गेली, पिंप आडवं झालं आणि इंजिन बंद पडलं. बाबा उतरले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले.

काका खिडकीशी गेले. "हुस्नी, बरा आहेस ना? यंदा पाऊस फारच..."

"नाझ्मी."

"लुलेला जरा जास्त झालंय, असं ऐकलं..."

"नाझ्मी, पोराच्या लग्नाला आला नाहीस तू. माझ्या बायकोची तब्येत विचारायला येणार आहेस होय?" बाबांनी समोरच पाहत विचारलं. "गेली ना?"

काकांचा चेहरा वेडावाकडा झाला. "गेली रे."

बाबा उतरले, टपावरच्या कॅनकडे बघत उभे राहिले. "तेलासाठी थांबलो मी," ते म्हणाले. "नाझ्मी, दोनदा बोलावलं तिने मला. आणि मी तेलासाठी थांबलो."

काकांनी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बाबांनी वळून मिमोझाकडे पाहिलं.

"तुला कधी कळलं?"

"सकाळी."

"सकाळी?" त्यांचा आवाज फाटला. "आणि तू मला 'थोडं डावीकडे' सांगत होतीस? पोरी, एकटीच?"

मग मिमोझा रडली. सकाळपासून अडवून धरलेलं सगळं रडली. बाबांनी तिला जवळ घेतलं आणि तेही रडले, मोठ्याने, शेजारपाजारच्या बायका फाटकाशी जमेपर्यंत.

"मी तिला घेऊन येतो," थोड्या वेळाने ते म्हणाले. "या गाडीतून. शब्द दिलाय."

"तसं आणू देत नाहीत, हुस्नी," काका हळू आवाजात म्हणाले. "पेटी बंद करून वेगळ्या गाडीतून पाठवतात. आल्तिन बघतोय सगळं. तू इथे थांब. लोक भेटायला येतील, दारात घरचा पुरुष नको का?"

"दारात तू उभा राहा."

काकांनी क्षणभर त्या दाराकडे पाहिलं आणि होकारार्थी मान हलवली.

"मोझे," बाबा म्हणाले, "आल्तिनला विचार, तिची ती गाडी कुठल्या बोटीत चढवणार. माझं परतीचं त्याच बोटीचं काढ."

"बाबा, तिच्याजवळ नाही बसता येणार. तुम्हीच म्हणालात ना, माणसांना वर जावं लागतं."

"जाईन की वर. पण खाली माझी गाडी तिच्या गाडीला लागून उभी करायला सांगेन त्या लोकांना. हात जोडेन." ते थांबले. "एवढं करू देतील ना ते?"

मिमोझाने त्या लोकांना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं.

"देतील," ती म्हणाली.