बोलेल त्याचीच सोंगटी

मित्रांनो, माझे कोपरे झिजले आहेत आणि पोटावर चिकटपट्टीचा एक मळका तुकडा आहे. मी डॉमिनोची एक जुनी सोंगटी आहे. दूरच्या एका बेटावरच्या सामाना नावाच्या बंदरगावात एका सुताराने मला आणि माझ्या भावंडांना एकाच लाकडातून कापून घडवले. दोन्हीकडे सहा-सहा ठिपके असल्यामुळे पहिल्या डावाची सुरुवात माझ्यापासून होई. त्याचा मला भारी तोरा होता, खोटे कशाला सांगू?

पापोच्या वाणसामानाच्या दुकानापुढे, बदामाच्या सावलीत आमचा खेळ रंगे. सोंगटी टेबलावर अशी आपटायची की बाटल्या हलल्या पाहिजेत. जवळ चालण्याजोगी सोंगटी नसली, की मुठीने टेबल ठोकून पाळी सोडायची. आणि बोलायचे मात्र अजिबात नाही. जोडीदाराला बोलून खूण करणे म्हणजे लबाडी.

पण एके दिवशी आमच्यातली एक सोंगटी मासळीच्या टोपलीत पडली ती थेट बाजारात गेली. एक हरवली आणि आम्ही सगळ्याच निकामी झालो. पापोने आम्हाला डब्यात भरून फळीवर टाकले. झुरळांची सोबत मिळाली. वाईट दिवस होते ते.

तिथून आम्हाला ओंदिनाबाईंनी बाहेर काढले. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. आजीबरोबर इंग्रजी प्रार्थना चालणाऱ्या प्रार्थनाघरात जाऊन लहानपणीच त्या इंग्रजी शिकल्या होत्या. त्यांनी आमच्या अंगावर चिकटपट्ट्या लावून एकेक इंग्रजी शब्द लिहिला. माझ्या वाट्याला ‘आर’ आला. एवढासा शब्द! मी हिरमुसले. मग कळले, की माझ्यावाचून कितीतरी वाक्ये लंगडी पडतात.

हे सगळे एलिहिओ नावाड्यासाठी चालले होते. देवमाशांच्या हंगामात तो परदेशी पाहुण्यांना देवमासे दाखवायला खाडीत नेई. यंदा नवा नियम निघाला. बंदराच्या कचेरीत इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यायची, तरच सुकाणू हातात. नाहीतर त्याच्याच नावेवर दुसरा नावाडी बसणार होता.

“बाई, या वयात माझ्या डोक्यात काय शिरणार?” तो म्हणाला.

“डोक्याचं माझ्यावर सोड. तू सोंगट्या लाव.”

आणि काय सांगू, तो भराभर वाक्ये लावू लागला! कर्ता, मग क्रियापद, मग उरलेले. चूक शोधून सापडेना. टेबल दणाणे. बाई खूश, पापो खूश, मीही खूश. पण एक गोष्ट आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आली नाही.

परीक्षेला जाताना त्याने शकुन म्हणून मला खिशात टाकले. समोर एक तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी इंग्रजीत सोपाच प्रश्न विचारला, “नाव हलते आहे, पाहुणी घाबरली आहे. तिला काय सांगाल?” खिशात एलिहिओची बोटे मला घट्ट दाबत होती. उत्तर त्याला येत होते, शपथेवर सांगते. पण तोंड काही उघडेना. शेवटी त्याने सवयीने मुठीने टेबल ठोकले आणि मान खाली घातली.

दुकानापुढे येऊन तो खुर्चीत बसला.

“काय झालं?” ओंदिनाबाईंनी विचारले.

“टेबल ठोकून आलो, बाई.”

पापोला हसू फुटले. पण एलिहिओचे डोळे भरलेले पाहून त्याने ते गिळले. मला फार वाईट वाटले. बाईंनी डबा उघडून सोंगट्या टेबलावर ओतल्या.

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “मी तुझे हात शिकवले, तोंड तसंच राहिलं. आजपासून या टेबलावर नवा कायदा. शब्द मोठ्यानं म्हटल्याशिवाय सोंगटी खाली ठेवायची नाही.”

“डॉमिनो खेळताना बोलायचं? लोक काय म्हणतील?”

“लोकांना तुझी नाव चालवायची नाहीये.”

पहिले काही दिवस त्याचा आवाज शेजारच्या खुर्चीलाही ऐकू जात नव्हता. येणारे-जाणारे टोमणे मारत. “एलिहिओ, देवमाशाला वाचा फुटली का रे?” तो लाजे, अडखळे, चुके, आणि पुन्हा म्हणे. बोलणाऱ्याची बोरे विकतात म्हणतात ना, तसे हळूहळू त्याचे शब्द खपू लागले.

दुसऱ्या खेपेलाही तोच प्रश्न आला. त्याने मला खिशातून काढले आणि टेबलावर असे आपटले, की अधिकारी बाईंचा पेला हलला. “यू आर सेफ,” तो मोठ्याने म्हणाला. “इथं बसा. मी आहे.” पुढे एका वाक्यात तो चुकला, थांबला, तेच पुन्हा नीट म्हणाला. त्याला सुकाणू मिळाले.

मला नावेत कायमची ठेवायची त्याची इच्छा होती. पण बाईंनी हात पुढे केला. “आण ती इकडे. एक सोंगटी गेली की सगळा डाव फुकट. तुझं झालं, आता नुरिसचं होऊ दे.”

नुरिस हॉटेलात खोल्या आवरते. तिला स्वागतकक्षात बसायचे आहे. आत्ताच तिने मला उचलले, पण शब्द काही म्हटला नाही. बाजूला एलिहिओ उभा आहे.

“आधी बोल, पोरी,” तो म्हणाला. “चुकलीस तर चुकलीस. मी तर टेबल ठोकून आलो होतो.”

मित्रांनो, माझी चिकटपट्टी आता सुटू लागली आहे. जमल्यास नवी लावा. आणि कोणी अडखळत बोलत असेल, तर हसू नका, जरा थांबा. नुरिसच्या घामेजल्या हातात मी अजून वरच आहे. तिचे ओठ हलले आहेत.