डाव्या चाकाची पिन

रोपवाल्या काकूंची पिकअप गेटाबाहेर पडून वीस मिनिटं झाली असतील. बारकी गॅरेजची फरशी आवरत होती. तीन बहिणींतली शेवटची म्हणून तिला बारकी नाव पडलं ते कायमचंच. आता तिशीला टेकली होती, अंगापिंडाने बापाला भारी होती, आणि गिऱ्हाइकं तिच्या माघारी तिला 'धाकटे मिस्त्री' म्हणायची. थोरले मिस्त्री म्हणजे तिचे बाबा. ते बाहेरच्या नळावर हात धूत होते.

तिने जुन्या स्प्रिंगा कोपऱ्यात लोटल्या, रिकामे खोके गोळा केले आणि डाव्या बाजूला पडलेला पत्र्याचा ट्रे उचलला. ट्रेमध्ये काहीतरी खुळखुळलं. तिने वाकून बघितलं.

एक स्प्लिट पिन होती. केसांच्या पिनेसारखी, दोन पायांची, बोटाच्या दोन पेरांएवढी. नवी कोरी. दोन्ही पाय सरळ.

गेले दोन दिवस त्या पिकअपच्या पुढच्या बाजूचं काम चाललं होतं. गाडी पंचवीस वर्षांची. पुढच्या स्प्रिंगा पार बसल्या होत्या. खड्डा आला की नाक जमिनीला टेकायला जायचं आणि आतून लोखंडावर लोखंड आपटल्याचा ठोका यायचा. काकू डोंगरावरच्या बागांना रोपं पोचवायच्या, आणि तिकडचा रस्ता म्हणजे नुसते दगड. त्या म्हणाल्या होत्या, "मिस्त्री, डागडुजी नको. एकदाच काय ते मजबूत करा, आणि पुढून दोन बोटं उंच करा." म्हणून जाड तारेच्या नव्या स्प्रिंगा, हादरे झेलणारे नवे शॉक, नवे रबरी बुश आणि चाक ज्यांच्यावर तोललेलं असतं ते चार बॉल जॉइंट, दोन वरचे, दोन खालचे. प्रत्येक जॉइंटला खाचांचा एक नट, आणि तो नट हादऱ्यांनी मागे फिरू नये म्हणून खाचेतून आरपार एक पिन. पिन घातली की तिचे पाय वाकवून टाकायचे. चार जॉइंट, चार पिना. त्यातली एक बारकीच्या तळहातावर होती.

"बाबा, डावीकडच्या खालच्या जॉइंटला पिन घातली होती ना?"

"घातली."

"मग ही कसली?"

त्यांनी पिनेकडे बघितलं आणि पुन्हा साबण हातात घेतला. "जास्तीची असेल. खोक्यात येतात कधीकधी दोन."

"आजवर आल्यात कधी?"

"बारके, मी काय काल शिकलोय हे काम?"

उजवी बाजू तिने केली होती, डावी त्यांनी. तिला कालची दुपार आठवली. बाबा डाव्या चाकाच्या जागी उकिडवे बसून पुटपुटत होते, कारण नटाची खाच आणि जॉइंटचं भोक एका रेषेत येईना. तेवढ्यात वेल्डर दारात आला. ते उठून त्याच्याशी बोलायला गेले आणि परत आल्यावर त्यांनी थेट चाकच उचलून बसवायला घेतलं. तिने ते बघितलं होतं. विचारलं मात्र नव्हतं. अलीकडे ती बऱ्याच गोष्टी विचारत नव्हती. पाना हातात धरून ते पाना शोधायचे, तेव्हाही ती दुसरीकडे बघायची.

"नट पुरता आवळला होता की नुसता हाताने फिरवून ठेवला होता? एवढंच सांगा."

मिस्त्रींनी नळ बंद केला. ओले हात तसेच धरून उभे राहिले. चेहऱ्यावरचा राग हळूहळू ओसरला. ते आठवायचा जिवापाड प्रयत्न करत होते आणि काही केल्या त्यांना आठवत नव्हतं.

तिने काकूंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. काकू गाडी चालवताना फोन पिशवीत कोंबून ठेवायच्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी तिसऱ्यांदा लावला. मग तिने पिन खिशात टाकली, पाने, पक्कड, टॉर्च आणि छोटा जॅक एका पोत्यात भरला आणि स्कूटर बाहेर काढली.

"मी येतो," मिस्त्री म्हणाले.

नको म्हणायला वेळ नव्हता. ते पोतं मांडीवर धरून मागे बसले.

गाव मागे पडलं. बारकी मनातल्या मनात हिशेब मांडत होती. सपाट रस्त्यावर तो नट टिकेल, सांधा आपल्या जागी घट्ट बसून राहील. दगडांचा रस्ता लागला की प्रत्येक हादऱ्याला नट थोडा थोडा सुटणार. नट निघाला की सांधा निसटणार, चाक फाकून आडवं होणार, आणि मग स्टेअरिंग कितीही गच्च धरलं तरी गाडी त्याच बाजूला ओढली जाणार. डावीकडे पडणार. चढाच्या रस्त्याला डावीकडे दरी होती.

"सासूबाई पण आहेत बरोबर," मागून मिस्त्री म्हणाले.

"काय?"

"काकूंच्या सासूबाई. पुढच्या सीटवर. मीच दार लावून घेतलं त्यांचं."

बारकीने स्कूटर जमेल तेवढी पळवली.

चढ सुरू झाला, डांबर संपलं. पहिल्या वळणाला कुणी नाही. दुसऱ्या वळणाला रस्त्यावर ताजी माती सांडलेली दिसली, कुंडीतली असावी. तिसऱ्या वळणावरून तिने मान वर केली आणि वरच्या टप्प्यावर तिला हिरवा ढीग हलताना दिसला. पिकअप तुडुंब भरलेली होती. रोपांचे शेंडे झुलत होते.

ती जवळ पोचली. डावं चाक सरळ फिरत नव्हतं. दगडावरून जाताना ते आत-बाहेर मान हलवत होतं.

तिने हॉर्न दाबून धरला. खिडकीतून काकूंचा हात बाहेर आला आणि 'जा पुढे' अशी खूण करून आत गेला.

"अहो, जा काय जा!" बारकी ओरडली. मिस्त्री तिच्या खांद्यावरून ओरडले. इंजिनाच्या आवाजापुढे कुणाचंच काही चालेना. शेवटी तिने स्कूटर उजवीकडून, दरड आणि गाडी यांच्यामधल्या फटीतून पुढे घातली आणि खिडकीला समांतर आणली. काकूंनी वळून बघितलं. बारकीचा चेहरा बघून त्या इतक्या दचकल्या की पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको!" बारकी जिवाच्या आकांताने ओरडली. "ब्रेक मारू नका, काकू, चाक निखळेल! नुसता पाय उचला! चढ आहे, थांबेल आपोआप!"

काकूंनी पाय उचलला. गाडी मंदावली, एका दगडावर अडखळली, डावं चाक कण्हल्यासारखं वाजलं आणि गाडी थांबली. मिस्त्री स्कूटर थांबायच्या आधीच उतरले आणि धावत जाऊन त्यांनी मागच्या दोन्ही चाकांना दगड लावले. त्यात त्यांचा हात जराही चुकला नाही.

काकूंनी हँडब्रेक ओढला. "काय झालं? घरी काही झालं का?"

"घरी काही नाही. तुम्ही दोघी आधी उतरा. उजव्या बाजूने."

सासूबाई सीटवरून सरकत सरकत बाहेर आल्या आणि दरडीजवळच्या दगडावर बसल्या. बारकीने पालथं पडून टॉर्च मारला. खाचांचा नट जॉइंटच्या टोकाला लोंबत होता. दोन आटे उरले होते. फार तर अडीच.

ती उठून पोत्यातला पाना काढायला वळली. परत बघते तो मिस्त्रींनी जॅक गाडीखाली सरकवून चेसिसला, गाडीच्या सांगाड्याला, टेकवला होता आणि दांडा हलवायला सुरुवात केली होती.

चेसिस वर उचलली की चाक हवेत लोंबणार. मग दाबून बसवलेली ती जाड स्प्रिंग चाक धरणाऱ्या लोखंडी आर्मला सगळ्या ताकदीने खाली ढकलणार, अडीच आटे तो जोर कसे पेलणार? सांधा सुटला असता आणि आर्म थेट त्यांच्या गुडघ्यांवर आला असता. त्यांनीच तिला हे शिकवलं होतं. ती सोळा वर्षांची असताना, स्प्रिंगेभोवती साखळी बांधून, तीनतीनदा बजावून.

ओरडावं तर दचकून त्यांचा हात हलायचा. ती त्यांच्याजवळ गेली आणि घरी बोलावं तशी बोलली.

"बाबा. जॅक आर्मखाली."

त्यांचा हात थांबला. त्यांनी जॅककडे बघितलं, चेसिसकडे बघितलं. मग दांडा उलटा फिरवून अलगद जॅक उतरवला, ओढून काढला आणि तिच्या हातात दिला.

"तू कर," ते म्हणाले.

तिने जॅक आर्मखाली, जॉइंटच्या शक्य तितका जवळ लावला आणि बेताबेताने उचलला. स्प्रिंग दबली, आर्म वर आला, सांधा पुन्हा आपल्या घरात शिरला. ती पाठीवर आडवी होऊन आत सरकली. वरून एक ट्रक उतरत आला आणि हॉर्न देत अगदी अंगावरून गेला. अख्खी पिकअप थरथरली, तिच्या डोळ्यांत माती गेली. डोळे मिटूनच तिने नट फिरवला. मग पाना लावला. एक फेरा, दोन, पाच. शेवटी पान्यावर दोन्ही हातांनी ताकद लावली.

"बसला?" मिस्त्रींचा आवाज चाकाच्या पलीकडून आला.

"बसला. पण खाच जुळत नाहीये. जरा पुढे गेलीये."

"मागे फिरवू नकोस. कितीही जड जाऊ दे, पुढचीच खाच गाठायची."

तिने पान्यावर पाय ठेवून रेटा दिला. खाच जुळली. पिन आत गेली. तिने पकडीने तिचे पाय वाकवले, एक वर, एक खाली, आणि तशीच पडून राहिली.

बाहेर आली तेव्हा काकू कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. बाईमाणूस एकटीने रोपवाटिका उभी केलेली, तिला बनवणं सोपं नव्हतं.

"आता सांगा. काय होतं ते?"

बारकीने तोंड उघडलं. पिन खराब निघाली असं म्हणायचं तिने गाडीखालीच ठरवलं होतं. "काकू, ती पिन जरा..."

"पिन घालायचीच राहिली," मिस्त्री म्हणाले. "नटही पुरता आवळला नव्हता. ती बाजू माझी होती. विसरलो."

"विसरलात?"

"हो."

"माझी सासू बसली होती त्या बाजूला."

मिस्त्रींनी मान खाली घातली. काकूंनी बारकीच्या हातातला टॉर्च घेतला, पदर खोचला आणि गुडघ्यांवर बसून उरलेल्या तिन्ही पिना एकेक करून स्वतः बघितल्या, बोटाने हलवून बघितल्या. उठून हात झटकले.

"गाडी तू चालव," त्या बारकीला म्हणाल्या. "मिस्त्री डाव्या बाजूला बसतील. आम्ही दोघी स्कूटरवर मागून येतो."

"मी? स्कूटरवर?" सासूबाई म्हणाल्या.

"हो आत्या."

"मग हे आधीच बिघडायचं नाही का गं? माझी कंबर गेली की त्या सीटवर." आणि त्या कुणाची वाट न बघता स्कूटरकडे निघाल्या.

बारकीने गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली. डावीकडे खोल दरी, शेजारी बाबा, मागे अर्धा टन माती. प्रत्येक दगडाला तिचे हात स्टेअरिंगवर आवळत होते. मिस्त्री दाराला कान लावून बसले होते. नव्या स्प्रिंगा दगड झेलत होत्या, ठोका कुठेच नव्हता, चाक सुतासारखं सरळ चाललं होतं. दोन वळणं मागे पडली.

"मागच्या महिन्यात," मिस्त्री समोर बघत म्हणाले, "औषधाच्या दुकानातून घरी यायचा रस्ता सापडेना."

बारकीने त्यांच्याकडे बघितलं नाही. रस्त्यावरून नजर काढायची सोय नव्हती.

"दोन चौकांचं अंतर. कुणाला विचारणार? सगळे ओळखीचे. उभा राहिलो पाऊण तास. मग पाय आपोआप निघाले."

"आईला सांगितलंत?"

"नाही. तुलाच सांगतोय."

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ."

"उद्या त्या टेम्पोचा क्लच..."

"टेम्पो कुठे पळून जात नाही, बाबा."

त्यांनी दाराचा कान काढला आणि "बरं" म्हटलं.

वर पोचल्यावर चौघांनी मिळून रोपं उतरवली. सासूबाईंनी कुंड्या मोजल्या आणि दोन फुटल्याचं जाहीर केलं. काकू निरोप घेतानाही हसल्या नाहीत. "सोमवारी गाडी आणते," एवढंच म्हणाल्या. "पुढची दोन्ही चाकं माझ्यासमोर काढायची. हात फक्त हिचाच लागेल."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या, गोळ्या दिल्या, आणि हे वाढणार, किती वेगाने ते सांगता येत नाही, असं सांगितलं. आई रडली, मग त्या दिवसापासून औषधं आणायला स्वतः जायला लागली.

सोमवारी काकू खरंच आल्या आणि गॅरेजच्या मधोमध उभ्या राहिल्या. बारकीने चाकं काढली. मिस्त्री शेजारी स्टुलावर बसून एकेक गोष्ट सांगत होते: इथे ग्रीस बघ, इथला बुश दाबून बघ, आता वरचा नट. एका ठिकाणी ते वाक्याच्या मध्येच थांबले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. काकूंनी बारकीकडे बघितलं. बारकीला पुढचं सगळं येत होतं, तरी ती पाना धरून तशीच थांबली.

"शॉकचा खालचा बोल्ट," मिस्त्री म्हणाले. "तो बघ आता."

"बघते," ती म्हणाली आणि खाली वाकली.