सातवं कापड

सुकार्सीच्या हातचं बाटिक जावातल्या सोलो शहराच्या आसपास नावाजलेलं. पण यंदा बाईनं अतीच केलं. जकार्ताच्या प्रदर्शनासाठी एक कापड हाती घेतलं आणि आठ महिने मान वर केली नाही. मेणाचा एक ठिपका वाकडा पडला की जेवण सोडायची. नवरा बिचारा आपला भात आपण वाढून घ्यायचा.

घरातलं घरात राहिलं असतं तर चाललं असतं. पण आमच्याकडे कुणाचं कार्य असलं की आळीतल्या बायका आपापली सुरी घेऊन त्या घरच्या चुलीशी हजर होतात. बोलावणं लागत नाही, आणि न येणारी लक्षात राहते. सुकार्सी तीन कार्यांना गेली नाही. तिसरं तर शेजारच्या वागियेमचा सासरा वारला, त्याच्या चाळिसाव्या दिवसाचं. "मेण गरम आहे गं," एवढंच कुंपणावरून सांगितलं. वागियेम काही बोलली नाही. वागियेम गप्प राहते म्हणजे काय, ते आळीला ठाऊक आहे.

आणि आता सुकार्सीच्याच लेकीचं, रेत्नाचं, सातव्या महिन्याचं कार्य आलं. सत्तर पानांचा स्वयंपाक. तिनं पहाटेच नारळ मांडले, कोंबड्या साफ केल्या आणि दाराकडे बघत बसली. सहा वाजले, साडेसहा झाले, कुणी फिरकलं नाही.

"मी माणसांकडे पाठ केली, आणि मान लेकीचा जाणार," ती नवऱ्याला म्हणाली. तिला रडूच आलं.

"मी नारळ खवतो ना."

"सत्तर पानांचे?"

तेवढ्यात मागच्या दारानं वागियेम आत आली. हातात सुरी, मागे बारा जणी.

"कांदे कुठंयत?"

"वागियेम, मी तुझ्याकडे आले नव्हते गं..."

"ठाऊक आहे. म्हणून रेत्नानं काय घोडं मारलंय? पोर माझ्या मांडीवर वाढलीय. सरक तिकडे, तुझ्या हाताला मेणाचा वास येतोय."

बायका हसल्या. सुकार्सी चुलीमागे जाऊन डोळे पुसून आली. धूर फार झालाय म्हणाली.

दुपारी रेत्नाला न्हाऊ घातलं आणि सात कापडं एकामागून एक नेसवायला घेतली. दर कापडाला सुईण विचारते, "शोभतं का?" पहिल्या सहा उंची कापडांना बायका "अजून नाही" म्हणतात आणि सातव्या, साध्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाला "हो". रीतच आहे. सुकार्सीनं आपलं आठ महिन्यांचं कापड सहावं ठेवलं होतं. हे बघून तरी यांची जीभ अडेल, असं तिच्या मनात.

कापड उलगडलं आणि खरंच सगळ्या गप्प झाल्या.

"शोभतं का?"

वागियेमनं काठ दोन बोटांत धरून निरखला. "असं काम जन्मात पाहिलं नाही बाई," ती हळू म्हणाली. मग मान वर करून ठसक्यात म्हणाली, "अजून नाही."

"अजून नाही," बारा जणींनी री ओढली.

सुकार्सीला वाटलं होतं, हे मनाला लागेल. पण तिला हसू फुटलं, ते थांबेना. बाजारातलं जाडंभरडं सातवं कापड रेत्नाच्या पोटावर बसलं तेव्हा "हो" म्हणणारा सगळ्यात मोठा आवाज तिचाच होता. या बायका आल्या नसत्या तर "अजून नाही" म्हणायलाही कुणी नव्हतं.

संध्याकाळी दोघी भांडी घासत बसल्या.

"गुरुवारी माझ्याकडे भाच्याची सुंता आहे," वागियेम म्हणाली. "पण तुझं मेण गरम असेल."

"निवू दे," सुकार्सी म्हणाली. "कांदे किती चिरायचेत, ते सांग."