ओढणीच्या टोकाचं मीठ

ओगुलनबात लग्न होऊन सुयजीगुयी गावात आली त्याला नऊ वर्षं झाली होती. या नऊ वर्षांत ती सासऱ्यांशी एक शब्दही बोलली नव्हती. भांडण वगैरे काही नव्हतं. सासरे समोर असले की सुनेनं ओढणीचं टोक दातांत धरायचं आणि गप्प राहायचं, ही काराकुमच्या वाळवंटातली रीत. सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत जात. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या, नवरा वर्षातले दहा महिने रेल्वेच्या कामावर दूर, त्यामुळे निरोप्याचं काम अकमायाकडे आलं. अकमाया म्हणजे विहिरीची मोट ओढणारी पांढरी सांडणी.

"अकमाये," मोटेचा नाडा सोडताना ओगुलनबात ओढणीआडून म्हणायची, "घरातलं पीठ संपलंय गं. कुणी बाजाराला जाणार असेल तर बरं होईल."

काठावर बसलेले सासरे, गार्लीआगा, टकलावरची लोकरी टोपी सारखी करत सांडणीलाच उत्तर द्यायचे. "अकमाये, सूनबाईला सांग, परवा जातो. आणि मागच्या पिठात किडे निघाले ते काही मी घातले नव्हते, हेही सांग."

धाकटा दीर मेर्दान पोट धरून हसायचा. "या घरात शहाणं एकच, आणि ते चारा खातं!"

गावाच्या पश्चिमेला ताकिर होतं, मैलभर पसरलेली, फरशीसारखी कडक चिकणमाती. तिच्यात नांगर शिरत नाही आणि पाणी मुरत नाही. ताकिर या शब्दाचा दुसरा अर्थ टक्कल. वसंतात पाऊस पडला की पाणी त्या टकलावरून निथळत कडेच्या वाळूत जिरायचं, म्हणून विहीर कडेला आणि शेतही कडेलाच. गार्लीआगा टोपी काढून दाखवायचे, "माझ्या डोक्यावर काही उगवत नाही, पण कानामागे बघा कसं रान माजलंय!"

त्या रानात यंदा चाळीस वेली होत्या. सासूबाईंनी जाताना खरबुजाच्या बियांची पिशवी ओगुलनबातच्या हातात दिली होती. हे वाण कमी पाण्यात येई आणि फळ हिवाळाभर टिके. कालव्याकडच्या लोकांनी ते केव्हाच टाकून बाजारचं बी धरलं होतं. मागची दोन्ही वर्षं गरम वाऱ्यानं फुलं करपवली. बी जुनं होत चाललं होतं. म्हणून यंदा ओगुलनबातनं पिशवी झटकून शेवटचा दाणाही पेरला. वेलींवर आता मुठीएवढी फळं धरली होती. ती पिकली तर वाण राहणार होतं, नाहीतर पिशवी रिकामीच राहणार होती.

मेर्दाननं डिझेलचा पंप आणला तो याच दिवसांत.

गार्लीआगा आधी नाही म्हणाले. विहीर त्यांच्या वडिलांनी खोदलेली. वडिलांचं एकच सांगणं होतं, खोल जाऊ नका.

"खोल कुठे जातोय, आगा?" मेर्दान म्हणाला. "मोट बुडते तिथंच पाइप सोडतो. बोटभरही खाली नाही. उंटीण दिवसभरात देते तेवढं पाणी तासात मिळेल. पुढल्या वर्षी चाळीसच्या दोनशे वेली करू."

म्हाताऱ्यानं विचार केला. खोल तर जात नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

पंप धडधडू लागला, अकमाया खुंट्याला बांधली गेली आणि ओगुलनबातचा निरोप्या गेला. त्या आवाजात सांडणीशी बोललेलं सासऱ्यांपर्यंत पोचणं शक्यच नव्हतं.

झळा लागू नयेत म्हणून ती ओढणी विहिरीच्या पाण्यात भिजवून डोक्यावर घ्यायची. ती घटकाभरात खडखडीत वाळायची, मग पुन्हा भिजवायची. चौथ्या दिवशी दुपारी दातांतलं टोक तिला खारट लागलं.

घाम असेल, तिला वाटलं. तरी तिनं पाणी पिऊन पाहिलं. पाणी नेहमीसारखं होतं, निदान तसं वाटत होतं. मन मात्र मानेना. रांजणात पंपाच्या आधीचं पाणी शिल्लक होतं. तिनं जुन्या चादरीच्या दोन पट्ट्या फाडल्या. एक रांजणात भिजवली, दुसरी आजच्या पाण्यात, आणि दोन्ही उन्हात टाकल्या. वाळल्या की पुन्हा भिजवायच्या. असं सहा वेळा केलं. पाणी उडून जातं, पण त्यातलं बाकी सगळं कापडातच राहतं. संध्याकाळी पहिली पट्टी जिभेला कापडासारखी लागली. दुसरीच्या कडेला पांढरी रेघ होती.

सकाळी तिनं मेर्दानला गाठलं. "दीरजी, पंप बंद करा. पाणी बिघडतंय."

"कोण म्हणतं?"

"ही पट्टी म्हणते."

"वहिनी, आधी उंटीण बोलायची, आता चिंध्या बोलायला लागल्या?" तो हसत म्हणाला. "आगांनी पंप लावायला सांगितलंय. बंद करायचंही तेच सांगतील."

आगा शेताच्या कडेला बसून पाटातलं पाणी बघत होते. पाणी वेलींच्या मुळाशी चाललं होतं. ओगुलनबात क्षणभर उभी राहिली. मग वळली, पंपाशी गेली आणि तिनं खटका खाली ओढला.

सगळीकडे एकदम शांतता झाली.

"वहिनी! काय करताय?" मेर्दान ओरडला.

ती सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली. दातांतलं ओढणीचं टोक तिनं सोडलं.

"आगा, पाणी खारं झालंय."

नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकलेला तो आवाज. मेर्दाननं तोंडाला हात लावला. गार्लीआगांनी मान वर केली नाही. हात तेवढा पुढे केला. ओगुलनबातनं ओढणीचं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते जिभेवर ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"शोरब्यावर चरबी तरंगते तसं आहे हे," ते अखेर म्हणाले, जमिनीकडे बघतच. "वर पावसाचं गोड पाणी, खाली जुनं खारं. पळी अलगद फिरवली तर चरबी येते. घाईनं ओरपलं तर खालचा रस्सा वर येतो. बापानं सांगितलं, खोल जाऊ नका. घाई करू नका असं सांगायची त्याला गरजच पडली नाही. घाई करता येईल असं काही होतंच कुठे त्याच्याकडे?"

"मग विहीर आता टाकायची?" मेर्दानचा आवाज उतरला होता. "आणि वेली?"

"पिण्यापुरतं सोडलं तर या विहिरीला पावसापर्यंत विश्रांती," ओगुलनबात म्हणाली. एकदा बोलली होती, आता थांबण्यात अर्थ नव्हता. "पण चरबी काय पातेल्याच्या एकाच कोपऱ्यात असते? ताकिरच्या कडेला बुजलेल्या विहिरी आहेत ना, आगा? सासूबाई सांगायच्या."

"तीन आहेत."

"तिन्ही उपसू. प्रत्येकीतून रोज थोडंच पाणी घ्यायचं. मोटेनंच."

"खोदणार कोण?" मेर्दाननं विचारलं आणि दोघं आपल्याकडेच बघताहेत हे त्याच्या लक्षात आलं.

अकरा दिवस लागले. मेर्दान खाली वाळू भरायचा, वर ओगुलनबात अकमायाला हाकायची. सांडणी ओढत नसे तेव्हा ती स्वतः नाडा धरायची. तळहात सोलले तेव्हा तिनं चिंध्या गुंडाळल्या. तोवर रांजणातलं पाणी ती वाटीवाटीनं घालत होती आणि सगळ्या वेलींना ते पुरणार नव्हतं. कुठल्या जगवायच्या ते तिला ठरवावं लागलं. पानांच्या कडा जळलेल्या वेलींकडे तिनं पाठ केली. चाळीसमधल्या सतरा उरल्या.

उपसलेल्या विहिरींच्या काठावर तिनं एकेक पट्टी बांधली आणि ती त्याच विहिरीच्या पाण्यात रोज भिजवून वाळवू लागली. रोज पहाटे गार्लीआगा तिन्हीकडे फिरून पट्ट्या चाटायचे. मेर्दान म्हणायचा, "आगा या वयात बोळ्यानं दूध प्यायला लागलेत."

ऑगस्टच्या मध्यावर पहिलं खरबूज देठापासून सुटलं. झोपडीच्या सावलीत गार्लीआगांनी ते कापलं. सून सासऱ्यांसमोर खात नाही, म्हणून ओगुलनबात टोक दातांत धरून बाजूला उभी होती.

"अकमाये," म्हातारे सांडणीकडे तोंड करून म्हणाले, "सूनबाईला सांग, पहिली फोड तिची. आणि गोड आहे की नाही ते तिच्याच तोंडून ऐकायचंय."

ओगुलनबातनं टोक सोडलं आणि फोड घेतली. रस मनगटावर ओघळला.

"गोड आहे, आगा."

तेवढ्यात मेर्दाननं दोन फोडी एकदम तोंडात कोंबल्या आणि वाळूकडे तोंड वळवलं.

"दीरजी! थुंकायचं नाही!" ती इतक्या जोरात ओरडली की अकमायानंही मान वर केली. तिनं डोक्यावरची ओढणी ओढून काढली आणि तिघांच्या मधे पसरली. "बी इथं टाकायचं. एकूण एक."

मेर्दान गाल फुगवून तसाच थांबला. गार्लीआगांनी टोपी सारखी केली, पुढे वाकले आणि तोंडातल्या बिया एकेक करून सुनेच्या ओढणीवर ठेवल्या.