बोटभर शेंदूर

खांब एक

राळेगावच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच कापसाची एक जिनिंग आहे. तिथल्या गाठी बांधायच्या प्रेसच्या पहिल्या खांबापाशी निलोफर उकिडवी बसली होती. मांडीवर यंत्र, यंत्राच्या पडद्यावर मधोमध एक हिरवा ठिपका. उजव्या हातातली पेनाएवढी दांडी ती खांबावरून फिरवत होती. ठिपका जरा हलला की ती हात थांबवायची. आडवा सरकला तर काही नाही, हात उचलला गेला एवढंच. उभा उडाला तर चीर.

उडाला नाही.

"काय करून राह्यली वं पोरी? इंजेक्शन देतं का त्याले?"

विचारणारी कोकिळाबाई. नऊ सालं झाली तिला या प्रेसवर. अडीचशे टनांचा दाब रुईला चेपून तिची गाठ करतो, आणि तो दाब सुटायच्या आत गाठीभोवती पट्ट्या ओवायच्या, हे तिचं काम. हे करताना ती चौथ्या खांबाला खेटून उभी राहते. तिथून हात बरोबर पोचतो.

"डॉक्टरीणच समजा, मावशी," निलोफर म्हणाली. ती दारव्ह्याची, मेकॅनिकच्या घरातली; नागपूरच्या एका तपासणी कंपनीत नोकरीला. "या दांडीच्या टोकात तारेचं वेटोळं हाय. त्यात करंट सारखा उलटसुलट पळते. त्याच्यानं लोखंडाच्या कातडीत करंटचे भोवरे उठतात."

"बिनपाण्याचे भोवरे?"

"बिनपाण्याचे. लोखंड साबूत असलं तं भोवरा गोल फिरते. चीर आडवी आली तं त्याले वळसा घालून जा लागते. तो वळसा वेटोळ्याले समजते, अन् ठिपका उडते."

"अन् ठिपका खोटं बोलला तं?"

निलोफरने खिशातून लोखंडाचा चपटा ठोकळा काढला. त्यावर मुद्दाम केसाएवढी रेघ कोरलेली होती. दांडी तिथून नेली. ठिपका टुणकन वर.

"याची नकली चीर पकडली, का मंग खांबाची असली पकडते."

"आमच्या सुनेले लावून पाहा एकखेप," कोकिळाबाई म्हणाली. "तिच्यात चिरा लय हायेत."

खांब दोन

साफ.

खांब तीन

साफ. पण इथे मालक येऊन उभे राहिले, म्हणून तिने सगळा खांब पुन्हा पाहिला.

भगवानराव भला माणूस. आल्याबरोबर चहा दिला, बसायला पोतं नको म्हणून खुर्ची आणवली. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्या लागलेल्या. "एक वाजता हंगामाचा मुहूर्त हाय, मॅडम. विम्यावाल्याले तुमचा कागद पायजे, बस. तीन झाले ना? एक उरला. पाच मिनिटं."

पाच मिनिटंच होती ती.

प्रत्येक गाठीमागे हे चारही खांब केसभर ताणतात आणि पुन्हा जागेवर येतात. ताण, सैल. ताण, सैल. दिवसाला शंभर वेळा, हंगामभर. लोखंड थकतं ते अंगावर दाखवत नाही. जाड खांब जिथे एकदम बारीक होऊन खालच्या बैठकीत शिरतो, त्या खांद्यावर ते आधी तुटायला लागतं. म्हणून बाकी खांब एकदा पाहायचा, खांदा तीनदा.

खांब चार

खांदा नव्हता. तिथे देवी होती.

बोटभर जाडीचा शेंदूर, तेलाने चकचकणारा. वर पत्र्याचे दोन पांढरे डोळे. प्रेस बसवली तेव्हापासून दर खंडेनवमीला एक थर. गेल्या नऊ सालांचे थर कोकिळाबाईच्या हातचे.

"हात लावू का?" निलोफरने विचारलं. आवाज बारीक झालेला तिचा तिलाच ऐकू आला.

"लाव ना," प्रेसचालक श्रावणभाऊ म्हणाला. "ती कोणाले नाही म्हणत नाही."

तिने दांडी शेंदरावर टेकवली. फिरवली. देवीचे डोळे तिच्याकडे बघत होते. ठिपका हलला नाही. आडवा नाही, उभा नाही. मेलेल्या माशीसारखा पडद्यावर चिकटून होता.

रकान्यात तिने लिहिलं: साफ.

लिहिलं, आणि मग खटकलं: हाताच्या हलण्यानेही ठिपका आडवा सरकला नव्हता.

ती उठली. कोकिळाबाईच्या ढिगातून गाठीच्या प्लास्टिक पट्टीचे पाच तुकडे कापून घेतले. ठोकळ्यावरच्या नकली चिरेवर एक तुकडा ठेवला, वरून दांडी नेली. ठिपका उडाला. दोन तुकडे. अर्धाच उडाला. तीन. दचकल्यासारखा हलला. चार.

चार तुकड्यांवर, खाली चीर आहे हे माहीत असताना, ठिपका गप्प.

चार तुकड्यांची जाडी शेंदराच्या निम्मीही नव्हती.

भोवरे लोखंडापर्यंत पोचतच नव्हते. ती देवीच्या अंगावर दांडी फिरवत होती आणि यंत्र हवेत चाचपडत होतं. साफ म्हणजे चीर नाही, असं नव्हतं. साफ म्हणजे मी आंधळी.

तिने रकाना खोडला. कोकिळाबाई नेहमीच्या जागी, चौथ्या खांबाशी, पट्ट्या मोजत उभी होती. खांब जर दाबाखाली सुटला तर तो आधी

पुढचं वाक्य निलोफरने मनातसुद्धा पुरं केलं नाही.

फोन

"सिंदूर खुरचना मत," नागपूरहून तिचे वरिष्ठ जमीर सर म्हणाले. "अपना नाम देख, गाँव देख. लिख दे, उतना हिस्सा जाँचा नहीं गया. झूठ भी नहीं, झगड़ा भी नहीं."

"सर, वहाँ एक औरत खड़ी रहती है."

"लिख दे और निकल."

रकाना सात

चौथ्या खांबाच्या खांद्याची तपासणी होऊ शकली नाही.

शब्दन् शब्द खरा. सही केली की कागद फाईलीत जाईल, एक वाजता नारळ फुटेल, प्रेस चालू होईल. रकाना सात कोणी वाचत नाही. आणि दुसरं केलं तर? उद्या बाजारात काय बोलतील ते तिला आत्ताच ऐकू येत होतं. दारव्ह्याच्या निलोफरनं देवी खरवडली. एवढंच. त्यात यंत्र नसेल, ठिपका नसेल, कोकिळाबाई नसेल. अब्बूंचं गॅरेज भर चौकात आहे.

पेन कागदावर टेकलेलं. तिथे शाईचा डाग मोठा होत चालला.

कोकिळाबाई

"मावशी, मले तिथं दिसत नाही."

"काय दिसत नाही?"

"खांब. शेंदराच्या खालचा. वरून तपासता येत नाही, तो काढा लागते."

श्रावणभाऊचं हसू मावळलं. "काढत नसतात. शेंदराची खोळ तिची ती सोडते, तिच्या मनात आलं का. माणसानं ओरबाडू नाही."

"मी नाही म्हणत भाऊ, का मीच..."

"तू तं म्हणूच नोको."

हे तो रागाने बोलला नाही. म्हणूनच तिला जास्त भीती वाटली.

"तिलेच इचारू," कोकिळाबाई म्हणाली. "कौल लावू."

झेंडूच्या दोन पाकळ्या ओल्या करून तिने शेंदरावर चिकटवल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. उजवी आधी पडली तर काढ. डावी पडली तर हात लावू नको. हात जोडून ती खांबाच्या पायाशी बसली.

पाकळ्या पडेनात. पाच मिनिटं गेली, दहा गेली. निलोफर आयुष्यात इतकी कधी एखाद्या पाकळीकडे टक लावून बसली नव्हती.

भगवानरावांनी घड्याळ पाहिलं. "काहून पडून नाही राह्यली गा, श्रावण?"

"एरवी पडते ना, मालक. मशीन चालू असते, धडधडीनं पडते."

"मंग लाव दोन मिनिटं. रिकामीच."

श्रावणभाऊ बटणाकडे निघाला.

क्षणभर हे कोणालाच विचित्र वाटलं नाही. निलोफरलाही नाही. मग तिला उमगलं. प्रेस चालवावी की नाही हे देवीला विचारायला ते प्रेस चालवणार होते. आणि कोकिळाबाई डोळे मिटून, डोकं खांबाला टेकवून

"नोको!"

ही किंकाळी आपली, हे तिला नंतर कळलं. ती धावत जाऊन गाठीच्या पेटीत चढली होती, जिथे दाब उतरतो त्या जागी, रुईच्या भुग्यात गुडघे रुतवून. डोक्यावर प्रेसचा पोलादी माथा.

"आता लावा."

श्रावणभाऊचं बोट बटणापासून वीतभर लांब थांबलं.

"हे काय नाटक हाय, मॅडम?" भगवानराव पांढरे पडले होते. "उतरा खाली!"

"नाटक नाही जी." सकाळपासूनचे सगळे मोठे शब्द कुठे गेले होते कोण जाणे. "मले भेव वाटून राह्यलं."

कोकिळाबाईने डोळे उघडले. "कायचं भेव? देवीचं का खांबाचं?"

"दोघाईचं. अन् तुमचं."

"माहं काहून?"

"तुम्ही इथं उभ्या राह्यता ना."

कोकिळाबाईने तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे, जिथे फरशी नऊ सालांनी गुळगुळीत झाली होती. ती उठली. पाकळ्या बोटाने अलगद काढून घेतल्या.

"कोकिळा," श्रावणभाऊ म्हणाला.

"तू गप बस. मीनं चढवला, मीच उतरवीन."

खांब चार, पुन्हा

आधी तिने देवीचे डोळे काढले आणि पदराच्या गाठीत बांधले. मग पट्टी कापायची पाती शेंदराच्या कडेला घातली. काहीतरी पुटपुटत होती, माफी असावी. थर निघता निघेना आणि मग एकदम निघाला, नारळाच्या करवंटीएवढा तुकडा, आतून काळा.

खाली खांदा. उघडा, तेलकट, आरशासारखा.

"कुठं हाय?" भगवानराव वाकून पाहत होते. "मले तं काहीच दिसत नाही."

कोणालाच दिसत नव्हतं. निलोफरलाही नाही. चीर नसली तर काय, असं तिच्या मनात आलं, आणि दुसऱ्याच क्षणी तिला कळलं की ती चीर असावी म्हणून मनात दुवा मागते आहे. याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

तिचा हात इतका थरथरत होता की ठिपका आडवा नाचत सुटला. अशा हाताने काही कळणार नव्हतं.

"मावशी, तुम्ही धरा. सरळ टेकवा. हळूहळू फिरवा."

कोकिळाबाईचा हात पट्ट्या ओवून ओवून दगडासारखा स्थिर झालेला. दांडी खांद्यावरून फिरू लागली. ठिपका मधोमध. मधोमध. मधो

वर.

तिने विस्तव लागल्यासारखा हात मागे घेतला. तिने पुन्हा टेकवली. वर. जरा पुढे, वर. अजून पुढे. निलोफर खडूने खुणा करत गेली. खुणा जोडल्या तेव्हा रेघ वीतभर झाली, खांबाला मिठी मारल्यासारखी वाकडी. आणि तिचं तोंड कोकिळाबाईच्या उभ्या राहायच्या जागेकडे.

"कधीपासून हाय हे?"

"ते हे सांगत नाही, मावशी."

"औंदाची का मांगची?"

"नाही सांगत."

कोकिळाबाई तिथेच फरशीवर बसली. श्रावणभाऊ आपल्या बोटाकडे पाहत होता. भगवानराव फोन कानाला लावून फाटकाकडे निघाले होते. गाड्या परत पाठवा, असं काहीसं बोलत होते, पण शब्द धड निघत नव्हते.

बाहेर कोणीतरी ट्रकचा फाळका धाडकन सोडला.

कोकिळाबाईने निलोफरचं उजवं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बोटं बधिर झाली. निलोफरने ते सोडवून घेतलं नाही. कागद मांडीवर ओढला आणि डाव्या हाताने, पहिलीतल्या पोरासारख्या वेड्यावाकड्या अक्षरांत, रकाना सात पुन्हा लिहिला: प्रेस चालवू नये.