हरकत घेणाऱ्याचं नाव

सही करण्याआधी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा, ही माझी जुनी खोड. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यात किती फायली परत पाठवल्या त्याची गणती नाही. सोसायटीचा साधा ठराव आला तरी मी आधी चष्मा शोधतो आणि माझी बायको श्यामला कपाळावर हात मारून घेते. एवढा शहाणा मी, पण एका माणसाच्या कागदांवर मात्र न वाचता सही करत आलो. आमचे जयरामभाऊ.

भाऊ आमच्या पक्षाचे नेते. बारा-तेरा वर्षांपूर्वी जेलरोडच्या आमच्या कॉलनीत मिरवणुकीच्या वाटेवरून दोन मंडळांची जुंपली होती, दगडांपर्यंत गेलं होतं. भाऊंनी दोन्ही अध्यक्षांना एका सतरंजीवर बसवलं, मिसळ मागवली आणि आवाज न चढवता दोन तासांत वाट ठरवून दिली. ना धड इकडच्या ना धड तिकडच्या आमच्यासारख्यांना असाच माणूस हवा होता. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत मी दारोदार फिरलो. हा माणूस कुणाला शिवी देत नाही, एवढंच सांगायचो, आणि लोक ऐकायचे.

त्यात चतुराबाई होत्या. माहेर निफाडकडचं, नवरा लवकर गेला, महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून नोकरी करून दोन मुली उजवल्या. आमच्या मागच्या गल्लीत त्यांच्या दोन खोल्या. सरकारी कागद आला की घेऊन माझ्याकडे यायच्या, मी अर्थ सांगायचो, श्यामला चहा ठेवायची. मतदानाच्या आदल्या दिवशीही येऊन विचारायच्या, "दादा, यंदाबी भाऊच ना?" मी हो म्हणायचो. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मग दोन-तीन वर्षांत भाऊ बदलले. सभेत विरोधकांच्या बायका-मुलांचा उद्धार करू लागले. टाळ्या पडल्या की आणखी चेव यायचा. आम्ही जुने लोक संध्याकाळी बाकावर जमलो की एकमेकांची समजूत काढायचो. वरून दबाव असेल, राजकारणात बोलावं लागतं, मनाने माणूस चांगला आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी आम्ही आमची निराशा झाकून ठेवली होती.

श्रावणात भाऊंनी समाजमंदिरात बैठक घेतली. कॉलनीच्या बागेसाठी राखून ठेवलेल्या जागेवर एका बिल्डरचे पत्रे उभे राहिले होते. सगळे खालमानेने बसलेले असताना चतुराबाई उठल्या आणि साध्या आवाजात म्हणाल्या की भाऊ, बागेची जागा कुठं गेली ते सांगा. ज्यांना उत्तर हवं होतं त्यांनी हात वर केले. चतुराबाईंचा धरून एकूण अकरा हात. मी माझ्या चपलांकडे बघत राहिलो. भाऊ हसले आणि त्यांच्या पोऱ्याला, सोमनाथला म्हणाले, नावं लिहून घे रे, सगळ्यांचं समाधान करू. लोकही हसले. मीसुद्धा.

दिवाळीनंतर सोमनाथ कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा घेऊन घरी आला. मतदार यादी शुद्ध करायची आहे काका, म्हणाला. मेलेली, गाव सोडून गेलेली नावं काढायची. हरकत घेणारा माणूस वजनदार पाहिजे म्हणून भाऊंनी मुद्दाम तुमचं नाव सुचवलं. नावं आम्ही मागाहून भरतो, तुम्ही फक्त सही करा. श्यामला आतून म्हणाली की कोरा कागद आहे, वाचा तरी. मी म्हणालो, कोऱ्या कागदावर वाचायचं काय? आणि अकरा सह्या ठोकल्या. गठ्ठ्यात फॉर्म बरोबर अकरा होते, हेही तेव्हा डोक्यात आलं नाही.

तीन आठवड्यांनी चतुराबाई हातात नोटीस घेऊन दारात उभ्या राहिल्या. जरा वाचून दाखवता का दादा, म्हणाल्या. मी चष्मा लावून मोठ्याने वाचू लागलो. आपण दिलेल्या पत्त्यावर राहत नसून कायमचे स्थलांतरित झाला आहात, सबब आपले नाव मतदार यादीतून वगळावे अशी हरकत प्राप्त झाली आहे. पुढची ओळ हरकत घेणाऱ्याच्या नावाची होती. ते नाव माझं होतं.

ती ओळ मी वाचली नाही. खालची तारीख वाचली, सुनावणीला आधार कार्ड आणि वीजबिल न्या असं सांगितलं, वर मीही सोबत येतो म्हणालो. "आणखी काही लिवलं नाय ना?" असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांनी नोटीस घडी करून पिशवीत ठेवली आणि चहा न घेताच गेल्या.

दोन दिवस मी भाऊंना फोन लावत होतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी उचलला. मी सगळं सांगितलं. ही आपलीच माणसं आहेत भाऊ, म्हणालो, मी स्वतः त्यांना तुमच्याकडे आणलंय. भाऊ चिडले नाहीत. सतरंजीवर बसून बोलायचे तसेच शांतपणे बोलले.

"गंगाधरराव, सही तुमची आहे. मी कुठे काय केलं?"

कुंपणानेच शेत खाल्लं, असं मी श्यामलाला म्हणालो. ती म्हणाली, कुंपणावर खापर फोडू नका, दार तुम्ही उघडं टाकलंत. सुनावणीआधी बाईंना खरं सांगा, असं तिने मला रोज बजावलं. रोज मी उद्यावर ढकललं. सुनावणीला रिक्षातून जाताना तर त्या शेजारीच बसल्या होत्या. मी थंडीबद्दल बोललो, त्यांच्या थोरल्या मुलीची चौकशी केली.

कचेरीच्या बाकावर दहाजण बसले होते, चतुराबाई धरून अकरा, आणि अकराही माझ्या ओळखीचे. प्रत्येकाच्या दारात मी कधी ना कधी मत मागायला उभा राहिलो होतो. मला बघून दोघातिघांनी जागा करून दिली. साहेब आपल्यासाठी आले, असं कुणीतरी शेजारच्याला सांगितलं. नोटिशीत तारखेपलीकडे त्यांनी काही वाचलं नसावं. तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावं असं मला वाटलं.

आतल्या अधिकारी बाईंनी सगळ्यांना एकदमच आत बोलावलं, पहिलं नाव चतुराबाईंचं घेतलं आणि हरकत घेणारे हजर आहेत का, असं विचारलं. मी उभा राहिलो. अकराही फॉर्म कोरे असताना न वाचता सही केली, ही सगळी माणसं इथेच राहतात, माझ्या हरकती मी मागे घेतो, असं सांगितलं. खोट्या निवेदनाला शिक्षा आहे, हे माहीत आहे ना, त्यांनी विचारलं. माहीत आहे म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं. या वेळी मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून सही केली. अकराही नावं यादीत राहिली.

बाहेर आलो तर बाकीचे लोक माझ्याशी न बोलताच निघून गेले होते. चतुराबाई पायरीवर थांबल्या होत्या. मी हात जोडले, म्हणालो, मला माहीत नव्हतं हो, तुमचं नाव त्यात असेल हे खरंच माहीत नव्हतं.

"ते मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "पर दादा, शाळंत बत्तीस वर्षं काढली म्या. वाचता येतं मला. तुमचं नाव म्या घरीच वाचलं व्हतं. तुमी स्वतःच्या तोंडानं सांगाल, म्हणून आले व्हते."

रिक्षा बोलावतो, एवढंच पुटपुटलो. त्या नको म्हणाल्या, बसने जाते म्हणाल्या, आणि पदर सावरून फाटकाबाहेर पडल्या.

निवडणूक झाली. मतदानाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी श्यामलाने सवयीने चहा एक कप जास्त टाकला होता. तो मीच प्यायलो.